कृपेवांचून गति नाहीं



“आधीं सुधारेन, मग पापनिवेदनास येईन,” असें म्हणत कित्येकजण देवमंदिराच्या दाराशींच थांबतात. मनुष्य स्वबळें निष्पाप राहूं शकतो, हें पेलाजियसचें मत संत ऑगस्टीन ह्यांनीं खोडून काढलें. इ. स. ४१८ मध्यें कार्थेजच्या धर्मसभेनें ठरविलें कीं, कृपा केवळ गतपापांची क्षमा नव्हे. पुढें पाप टाळण्याचें बळहि तीच देते. ५२९ सालीं फ्रान्समधील ऑरांजच्या धर्मसभेनें शिकविलें कीं, श्रद्धेचा आरंभ, किंबहुना शुद्ध होण्याची इच्छासुद्धां, देवाचेंच दान होय.

तेव्हां दाराशीं थांबलेल्या बंधो, तुझी तळमळ हीच प्रभूची हांक आहे. बरा झाल्यावर वैद्याकडे कोण जातो? ह्या ज्युबिलीच्या दिवशीं, आहेस तसा आंत ये.