कचेरीचें सामाईक दप्तर

कापसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे अमरावती व अकोला येथील बाजारांत पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. बोली होते, माल काट्यावर चढतो, आणि दर्यापूर किंवा बाळापूर तालुक्यांतून आलेला शेतकरी हातीं पडलेली काटापट्टी नीट घडी करून खिशांत ठेवतो. त्याच्या वर्षभराच्या श्रमांचें मोल त्या एवढ्याशा कागदावर लिहिलेलें असतें. पट्टीवर जो आकडा, तोच अडत्याच्या कचेरींतील खात्यांतहि असला पाहिजे. तो बदलतां कामा नये आणि हरवतांहि कामा नये. संगणकावर चालणाऱ्या लहानशा कचेरींत ही गोष्ट कशी साधावी, याचा विचार आज करावयाचा आहे.

या विचाराला वऱ्हाडांत जुनी परंपरा आहे. आज वाशीम जिल्ह्यांत असलेल्या कारंजा येथें १८८६ सालीं कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला. आपल्या देशांतील अशा बाजारांत तो पहिला मानला जातो. पुढें १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य यांच्या बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. व्यवहार आडजागीं व ज्याच्या त्याच्या वजनांनीं झाला, कीं दोन पक्षांजवळ दोन आकडे उरतात आणि त्यांत दुबळ्याचा आकडा खोटा ठरतो. म्हणून बाजाराची जागा ठरलेली असावी आणि व्यवहारावर समितीची देखरेख असावी, हें त्या व्यवस्थेचें सार होतें.

तोच प्रश्न आतां निराळ्या वेषानें कचेरींत शिरला आहे. समजा, अडतीच्या एका कचेरींत पांच माणसें व चार संगणक आहेत. एकावर पट्ट्या होतात, दुसऱ्यावर खातीं, तिसऱ्यावर पत्रव्यवहार. प्रिंटर मात्र चौथ्याला जोडलेला. ज्याला कागद छापावयाचा असेल, तो आपली फाईल पेनड्राइव्हवर घेऊन तेथें जातो आणि काम करीत बसलेल्या माणसाला उठवितो. फाईलीची एक प्रत तेथें राहते, एक पेनड्राइव्हवर राहते. आठ दिवसांत ‘हिशेब’, ‘हिशेब नवा’, ‘हिशेब शेवटचा’ आणि ‘हिशेब शेवटचा दुरुस्त’ अशा चार फायली चार ठिकाणीं होतात. वजनाची दुरुस्ती एकींत होते, उरलेल्या तिहींत होत नाहीं. मग शेतकरी चुकारा नेण्यास येतो, तेव्हां मुनीम कोणती फाईल उघडील यावर त्याचे पैसे अवलंबून राहतात. येथें कोणाची लबाडी असतेच असें नाहीं; बारभाई कारभार तेवढा असतो.

पूर्वी कागद रुमालांत बांधून दप्तरखान्यांत ठेवीत. पेशवे दप्तरांतील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखालीं १९३० ते १९३४ या काळांत ४५ भागांत प्रसिद्ध होऊं शकले, याचें एक कारण हेंच कीं ते कागद एके ठिकाणीं राहिले होते. संगणकांच्या कचेरींत दप्तरखान्याचें हें काम जो संगणक करतो त्याला सर्व्हर म्हणतात. त्यावर कोणी बसून लिहीत नाहीं. तो सर्वांच्या फायली सांभाळतो, मागेल त्याला त्या देतो, आणि छापावयाचे कागद प्रिंटरकडे पाठवितो.

त्यासाठीं मोठा खर्च लागत नाहीं. अडगळींत पडलेला पण धडधाकट असा एखादा जुना संगणक या कामास पुरतो. त्यांत दोन नव्या हार्ड डिस्क बसवाव्या आणि जें एकीवर लिहिलें जाईल तेंच दुसरीवरहि लिहिलें जाईल अशी योजना करावी. म्हणजे एक बिघडली तरी काम अडत नाहीं. सर्व संगणक व प्रिंटर तारांनीं एका स्विचला जोडावे. सर्व्हरला व प्रिंटरला नेटवर्कवर कायमचा पत्ता द्यावा. ज्याचा पत्ता रोज बदलतो त्याला पत्र पोंचत नाहीं, तोच न्याय येथेंहि आहे.

सर्व्हरवर लिनक्स ही प्रणाली घालतां येते. लायनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानें ती १९९१ सालीं प्रथम लोकांपुढें ठेवली, आणि ती विनामूल्य मिळते. परंतु कचेरींतील इतर संगणक बहुधा विंडोजचे असतात. या दोघांमध्यें दुभाष्याचें काम सांबा नांवाची आज्ञावली करते. तिचा आरंभ त्याच सुमारास ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथें अँड्र्यू ट्रिजेल यांनीं केला. तिच्यायोगें लिनक्सवरील फायली विंडोजच्या संगणकावर घरच्याप्रमाणें दिसतात. सांबाच्या मार्गानें एकानें फाईल लिहिण्यास उघडली असतां दुसऱ्याला ती बहुधा केवळ वाचावयास मिळते. त्यामुळें एकाच्या आकड्यावर दुसऱ्याचा आकडा चढत नाहीं.

यानंतरचें काम यंत्राचें नसून विचाराचें आहे. प्रत्येक माणसाला स्वतःचें नांव व स्वतःचा सांकेतिक शब्द द्यावा. सर्वांचा मिळून एकच शब्द ठेवणें म्हणजे तिजोरीची किल्ली खुंटीला टांगणें होय. पट्ट्यांच्या कप्प्यांत मापाऱ्याच्या नोंदी चढविणाऱ्यानें लिहावें, इतरांनीं वाचावें. खात्यांत मुनिमानें लिहावें. पगाराचा कप्पा मालक व मुनीम यांखेरीज कोणासहि उघडतां येऊं नये. कोणीं काय लिहावें हें आधीं कागदावर ठरवून मगच तें संगणकावर उतरवावें.

छपाईसाठीं लिनक्सवर कप्स नांवाची व्यवस्था आहे. ती १९९९ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांत प्रत्येक काम रांगेंत उभें राहतें. कागद संपला तर कामें थांबतात, नाहींशीं होत नाहींत. हें ठाऊक नसलेला मनुष्य छपाईची आज्ञा पुन्हां पुन्हां देतो आणि कागद घालतांच एकाच पट्टीच्या दहा प्रती बाहेर पडतात. म्हणून रांग पाहण्यास व नको तें काम रद्द करण्यास सर्वांना शिकवावें. कोणीं किती पानें छापलीं याची नोंदहि राहते, आणि पैशाच्या कागदांच्या बाबतींत ती उपयोगाची असते.

मराठी कचेरीची एक वेगळीच अडचण आहे. जुन्या पद्धतीच्या टंकांत लिहिलेली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली, आणि तो टंक तेथें नसला, तर शेतकऱ्याच्या नांवाच्या जागीं निरर्थक चिन्हें दिसतात. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरीला स्थान मिळालें आहे. सामाईक दप्तरांतील प्रत्येक मराठी कागद युनिकोडमध्येंच लिहावा, असा दंडक घालावा. नाहींतर फाईल सर्वांना मिळेल, पण वाचतां कोणासच येणार नाहीं.

आतां संकटांचा विचार. वैशाखांत वऱ्हाडांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि जिनिंगच्या आसपास रुईचे तंतू हवेंत उडत असतात. ते पंख्यांत अडकले कीं यंत्र तापतें. सर्व्हर हवेशीर व स्वच्छ जागीं ठेवावा, आणि वीज गेली तरी तो रीतसर बंद होण्यापुरता वेळ मिळावा म्हणून त्याला यूपीएस जोडावा. मे २०१७ मध्यें वॉनाक्राय नांवाचा विषाणू फायली देण्याघेण्याच्या जुन्या पद्धतींतील दोषाचा फायदा घेऊन जगभर पसरला. इंग्लंडांतील इस्पितळांचीं कामें त्यामुळें अडलीं. ती जुनी पद्धत बंद ठेवावी आणि आज्ञावलीच्या दुरुस्त्या वेळच्या वेळीं घ्याव्या.

दोन डिस्क आहेत म्हणून निर्धास्त राहणें ही सर्वांत मोठी फसगत होय. चुकून पुसलेली फाईल दोन्हीकडून एकाच क्षणीं पुसली जाते. यास्तव दप्तराच्या एकंदर तीन प्रती असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक कचेरीबाहेर असावी. बाहेरची डिस्क नक्कल होतांच काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर विषाणू तिलाहि सोडीत नाहीं.

हें सर्व कोणा एकाच्या अंगावर नांवानिशीं सोंपवावें. चार घरचा पाहुणा उपाशी राहतो, तशीच चौघांच्या भरंवशावर सोडलेल्या दप्तराची गत होते. त्या माणसानें दर महिन्याला नकलेंतून मागच्या हंगामाची एखादी पट्टी काढून छापून पाहावी आणि ती मूळ पट्टीशीं ताडून पाहावी. आकडे जुळले तर दप्तर शाबूत आहे असें समजावें. न जुळले तर चूक त्याच दिवशीं शोधावी. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला पाणी वेळेवर मिळत नाहीं, आणि दप्तर बुडाल्यावर नक्कल शोधूं लागणाऱ्या कचेरीच्या दारीं चुकाऱ्यासाठीं आलेला शेतकरी रिकाम्या हातानें परततो.