कवीच्या घरातले तीन ससे

इंग्लंडमधल्या ऑल्नी या गावी विल्यम कूपर नावाचा कवी राहायचा. मनाच्या आजाराने खचलेला. 1774 साली शेजाऱ्यांनी त्याला रानसशाचं एक पिल्लू दिलं, आणि बघता बघता घरात ससे झाले तीन: पस, टायनी आणि बेस. नावं बायकी, पण तिघेही नर! त्यांची खुराडी कूपरने स्वतःच्या हातांनी ठोकली.

हिवाळ्यात हिरवा पाला कुठून आणणार? मग पावात गाजराचा कीस कालवायचा आणि सफरचंदाची साल अगदी बारीक चिरून घालायची. संध्याकाळी ससे बैठकीच्या खोलीत गालिच्यावर उड्या मारत. टायनी तिरसट, हात लावला की ओरबाडायचा. पस मात्र लाघवी. बागेत जायचं असलं की गुडघ्यावर पंजे आपटायचा, तेवढ्यानं भागलं नाही तर कोटाचं टोक दातांत धरून ओढायचा.

याच घरात ‘द टास्क’ हे दीर्घ काव्य लिहिलं गेलं. प्रसिद्धी 1785. एका मैत्रिणीने गमतीने सुचवलेला विषय होता सोफा! पण सहांपैकी शेवटचे तिन्ही सर्ग हिवाळ्याचे आहेत. त्यातला लाकूडतोड्याचा कुत्रा नाकाने बर्फ उकरत धावतो, ते चित्र मला सगळ्यांत आवडतं.

पस जवळजवळ बारा वर्षं जगला. ऑल्नीतलं ते घर आता संग्रहालय आहे.