दुबार नोंदींचे ओझे कोणावर?

(कर्मचारी आघाडीच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



सरकारी खात्यांत एकच काम दोनदा-तीनदा होते, ही तक्रार जुनी आहे. तिचे खापर बहुधा कर्मचाऱ्यांवर फोडले जाते. परंतु हे दुबार काम निर्माण कोण करतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा खरा प्रश्न आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचेच उदाहरण घ्या. गावातील गरोदर स्त्रीची नोंद अंगणवाडी सेविका करते. ती महिला व बालविकास खात्याकडे जाते. त्याच स्त्रीची नोंद परिचारिकाही करते. ती आरोग्य खात्याकडे जाते. स्त्री एकच, पण मंत्रालये दोन, म्हणून नोंदी दोन! सेविकेच्या वाट्याला अकरा नोंदवह्या होत्याच. २०२१ साली पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप आले, तरी अनेक ठिकाणी वह्या सुटल्या नाहीत. त्याच वर्षी महाराष्ट्रातील सेविकांनी निकृष्ट मोबाइल सरकारला परत केले, ते काही तंत्रज्ञानाच्या द्वेषापोटी नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तरी या स्त्रीला शासन वेतन देत नाही, ‘मानधन’ देते. केंद्राने ते २०१८ साली दरमहा ४,५०० रुपये ठरवले. राज्ये त्यात आपली भर घालतात. प्रश्नाचे मूळ येथेच आहे. ज्या श्रमाला मोल नाही, तो वाया गेला तरी सरकारी हिशेबात तोटा दिसत नाही. तक्ता भरण्यात गेलेला तास मात्र बालकाच्या वजनातून आणि घरभेटीतून वजा होतो.

यावर सत्ताधाऱ्यांचा उपाय ठरलेला असतो: पदे गोठवा, कंत्राट द्या. म्हणून आपण सावध राहिले पाहिजे. दुबार कामाला विरोध करताना कपातीच्या समर्थकांना हत्यार पुरवता कामा नये. तसेच कपातीच्या भीतीने दुबार कामाचे समर्थनही करता कामा नये. आपली मागणी नेमकी हवी. नोंद एकदाच व्हावी व खात्यांनी ती आपापसांत वापरावी. नवा तक्ता देण्यापूर्वी जुना रद्द व्हावा. वाचलेला वेळ सेवेसाठी राखला जावा, आणि सेविकेला कर्मचाऱ्याचा दर्जा मिळावा.

प्रत्येक शाखेने आपल्या भागातील नोंदवह्या शेजारी शेजारी मांडून दुबार रकान्यांची यादी तयार करावी. कोणता रकाना निरुपयोगी आहे, हे तो रोज भरणारीइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते.