निदानाच्या आधी येणारे मलम



वसईत, होळी नावाच्या या बाजारपेठेत भरलेल्या डॉक्टर आणि औषधविक्रेत्यांच्या परिषदेचा मी अध्यक्ष आहे. आपल्या विषयपत्रिकेवर मोठमोठे आजार आहेत. मी मात्र पंधरा ग्रॅमच्या एका ट्यूबबद्दल बोलणार आहे. तिच्यात एक जोरकस स्टिरॉइड असते, बहुधा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन. सोबत निओमायसिन किंवा जेंटामायसिनसारखे प्रतिजैविक. आणि बऱ्याचदा बुरशीविरोधी तिसरे औषधही. नायटा असो, इसब असो, मुरूम असो की नुसती खाज, आपल्या गावागावांत पहिला उपचार हाच होतो. माझे म्हणणे एकच आहे. या मलमाचा मुख्य धोका त्यातल्या कुठल्याही एका घटकात नाही. आजार ओळखण्याआधीच ते आराम देते, हा खरा धोका आहे.

हा आराम येतो कसा, ते नीट पाहू. स्टिरॉइड त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि दाह निर्माण करणाऱ्या पेशींना गप्प बसवते. दोन दिवसांत लाली उतरते, खाज थांबते आणि रुग्णाची खात्री पटते की औषध लागू पडले. आजार इसबाचा असेल तर ही खात्री बरीचशी खरी ठरते. पण तो नायटा असेल, तर शरीर ज्या दाहाच्या बळावर बुरशीला बाहेर ढकलत होते तो दाहच आपण विझवलेला असतो. बुरशी त्वचेच्या वरच्या थरात निर्धास्त पसरते. प्रतिजैविक जिवाणूंसाठी असते, त्याचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. नायट्याची ओळखीची गोल कड पुसली जाते, एका वर्तुळात दुसरे उमटते आणि पुढे तपासणाऱ्या डॉक्टरलाही आजार ओळखू येत नाही. आइव्ह आणि मार्क्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६८ मध्येच अशा वेष पालटलेल्या नायट्याचे वर्णन करून ठेवले होते. मलम थांबवले की खाज दुपटीने उसळते, आणि रुग्ण तीच ट्यूब पुन्हा मागतो.

वसईच्या पट्ट्यात या चुकीला अनुकूल असे सगळे काही आहे. दमट हवा, लांबलेला पावसाळा, विरार लोकलच्या गर्दीत घामाने चिंब होऊन कामावर जाणारी माणसे, वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यांतल्या तापलेल्या शेडमधले कामगार, पाचूबंदर-अर्नाळ्याला तासन्‌तास ओल्या कपड्यांत वावरणारे मच्छीमार. या सर्वांना नायटा होतो तो कमरेला, जांघेत, काखेत. म्हणजे जिथे त्वचा पातळ आणि झाकलेली असते नेमका तिथे. फेल्डमन आणि मायबाक या संशोधकांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडचे शोषण मोजले, तेव्हा हाताच्या कोपर ते मनगट या भागाच्या तुलनेत ते कपाळावर ६ पट, जबड्यावर १३ पट आणि वृषणकोशावर ४२ पट भरले. जांघेत महिनोन्‌महिने क्लोबेटासोल लावल्यावर पडणारे जाड चिरांसारखे वळ जन्मभर राहतात. तान्ह्या बाळाच्या लंगोटाखाली तेच मलम चोळले, तर ते रक्तात उतरून अधिवृक्क ग्रंथीचे काम मंदावू शकते.

चेहऱ्याची गोष्ट तर अधिकच क्लेशकारक आहे. डॉ. अबीर सारस्वत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी केली. ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. १२६ जणांनी ते गोरेपणासाठी किंवा रोजची क्रीम म्हणून वापरले होते. निम्म्याहून अधिक जणांना सल्ला डॉक्टरचा नव्हताच, आणि ३९२ जणांना दुष्परिणाम झाले होते. रंगाविषयी समाजाने लादलेली लाज या ट्यूबमधून कशी विकली जाते, ते इथे दिसते. मला याची चीड येते.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप जाणत्यांचा आहे: इसबात जिवाणूंचा संसर्ग होतोच, मग दोन्ही औषधे एकत्र का नकोत? अशी जोड-मलमे परदेशातही आहेत आणि निवडक रुग्णांत, थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरने ती लिहिणे मला मान्य आहे. पण त्या प्रतिजैविकाचा लाभ आपण समजतो तेवढा नाही. ब्रिटनमध्ये संसर्गाची लक्षणे असलेल्या इसबाच्या ११३ मुलांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. स्टिरॉइडच्या जोडीला प्रतिजैविक दिल्याने, तोंडाने काय किंवा मलमातून काय, सौम्य आजारात उल्लेखनीय फायदा दिसला नाही. उलट निओमायसिनची ॲलर्जी इतकी परिचित आहे की अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संस्थेने २०१० सालचा ‘ॲलर्जीकारक पदार्थ’ म्हणून त्याचीच निवड केली. शेजारचे स्टिरॉइड ती ॲलर्जी झाकून टाकते, हे आणखी वाईट.

दुसरा आक्षेप असा की अशा बोलण्याने लोक स्टिरॉइडला घाबरतील. ही भीती मी गांभीर्याने घेतो. १९५२ मध्ये सुल्झबर्गर आणि विटन या संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोनचा त्वचेवरचा उपयोग दाखवून दिला आणि त्वचारोगाचे शास्त्र पालटले. इसबाने रात्र-रात्र जागणाऱ्या मुलाला योग्य ताकदीचे स्टिरॉइड नाकारणे हाही अन्यायच आहे. म्हणूनच औषध एकेकटे, नावाने ओळखले जाणारे आणि मोजून दिलेले असावे, असा माझा आग्रह आहे.

तिसरा आक्षेप गरिबीचा. मजुराने रोजगार बुडवून तज्ज्ञाकडे जावे कसे? प्रश्न खरा आहे, पण स्वस्त ट्यूब स्वस्त राहत नाही. बिघडलेल्या नायट्याला आता आठवड्यांऐवजी महिने गोळ्या घ्याव्या लागतात. शिवाय आपल्या भूप्रदेशात पसरलेल्या आणि २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव मिळालेल्या बुरशीवर टर्बिनाफिन हे बुरशीविरोधी औषध अनेकदा चालत नाही. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमधल्या रुग्णांतही आढळल्याची नोंद झाली. तिच्या फैलावामागच्या कारणांत तज्ज्ञ या जोड-मलमांचाही संशय घेतात. गरिबाला हवे आहे ते जवळच मिळणारे निदान. त्वचेचा खरवडा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब आणि साधा सूक्ष्मदर्शक, एवढ्यावर बुरशी दिसते. ही सोय महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात करता येण्याजोगी आहे.

कायद्याचेही ऐका. केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये ३४४ जोड-औषधांवर बंदी घातली; ती डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयात टिकली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, फेरतपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ जोड्यांवर नवी बंदी आली. त्यांत त्वचेची काही मलमेही होती. त्याच वर्षी अनेक स्टिरॉइड मलमांना अनुसूची ‘एच’मध्ये मिळत आलेली सूट काढून घेण्यात आली. म्हणजे ती चिठ्ठीविना विकता येत नाहीत. ‘मी दिले नाही तर शेजारचा देईल’ हे उत्तर औषधविक्रेत्या मित्रांकडून येते. त्यांची अडचण मला समजते. म्हणूनच हा निर्णय एकेकट्या दुकानाने घेण्याचा नसून सगळ्या बाजारपेठेने मिळून घेण्याचा आहे.

आज होळी, पापडी, पारनाका इथले औषधविक्रेते या सभागृहात आहेत आणि चिठ्ठी लिहिणारे डॉक्टरही. विक्रेत्यांना माझी विनंती आहे की चिठ्ठीशिवाय ही ट्यूब देऊ नका, जुन्या चिठ्ठीवर तर नकोच. डॉक्टरांना विनंती आहे की चिठ्ठीवर आजाराचे नाव, लावायची जागा आणि दिवसांची संख्या मराठीत लिहा. आणि महापालिकेच्या दवाखान्यांत खरवड्याच्या तपासणीची मागणी करणारा ठराव या परिषदेने आजच, उठण्याआधी, मंजूर करावा.