पाण्याच्या उतरणीवर चालणारा दट्ट्या
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र शिक्षण परिषदेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील अनेक गावांत शाळेच्या आवारात किंवा वेशीपाशी हातपंप उभा असलेला दिसतो. मुले मधल्या सुट्टीत त्याच्या दांड्याला लोंबकळतात, ओंजळीने पाणी पितात आणि वर्गात परत येतात. विज्ञानाचा एक संपूर्ण पाठ या यंत्राच्या पोटात दडलेला आहे याची जाणीव मात्र क्वचितच होते. मनुष्य दांडा खाली दाबतो, जमिनीखालील नळकांड्यात दट्ट्या वर सरकतो आणि पाणी चढते. येथे मनुष्याचे श्रम खर्ची पडतात व पाण्याला उंची मिळते. आता हीच क्रिया उलट्या दिशेने घडवून आणता येईल काय? उंचावरील पाण्याने खाली उतरताना दट्ट्या ढकलावा, दट्ट्याने चाक फिरवावे आणि मनुष्याचे श्रम वाचावेत, असे यंत्र शक्य आहे काय? ते शक्य आहे, इतकेच नव्हे तर ते पावणेतीनशे वर्षांपूर्वीच प्रत्यक्षात आले होते. त्यास जलदाब-इंजिन असे म्हणता येईल.

हातपंपाचा इतिहास मराठवाड्याला परका नाही. जालना व सोलापूर येथील मिशन संस्थांच्या कार्यशाळांत विंधनविहिरींसाठी मजबूत पोलादी पंप घडविले गेले. त्यांच्याच आधारे, युनिसेफच्या साहाय्याने, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क दोन’ हा प्रसिद्ध नमुना सिद्ध झाला. खेड्यातील माणसाला परिचित असलेल्या या पंपावरूनच जलदाब-इंजिनाचे गणित मांडणे सोयीचे होईल.

मूळ तत्त्व

पाण्याच्या स्तंभाचा दाब त्याच्या उंचीवर अवलंबून असतो. टाकीच्या रुंदीवर नव्हे. १० मीटर उंचीचा स्तंभ आपल्या तळाशी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम इतका दाब देतो. ‘इंडिया मार्क दोन’ पंपाच्या नळकांड्याचा आतील व्यास ६३.५ मिलिमीटर, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ३१.७ चौरस सेंटिमीटर असते. तेवढ्याच मापाच्या नळकांड्यात १० मीटर उंचीवरील टाकीचे पाणी सोडल्यास दट्ट्यावर सुमारे ३१.७ किलोग्रॅम भार येईल. दट्ट्या १२.५ सेंटिमीटर सरकला, तर घडणारे कार्य ३१.७ गुणिले ०.१२५, म्हणजे जवळजवळ ४ किलोग्रॅम-मीटर होते.

हेच गणित दुसऱ्या बाजूने करून पाहावे. एका धावेत नळकांड्यात सुमारे ०.४ लिटर पाणी मावते. ०.४ किलोग्रॅम पाणी १० मीटर खाली उतरले, म्हणजे ४ किलोग्रॅम-मीटर. दोन्ही उत्तरे सारखीच येतात. हा योगायोग नव्हे. दट्ट्या लहान असो वा मोठा, पाण्याचे वजन आणि त्याची उतरण यांच्या गुणाकाराहून अधिक कार्य कोणतेही यंत्र देऊ शकत नाही. या एका वाक्यात प्रस्तुत विषयाचे सार आहे आणि पुढील सर्व विवेचन त्यावरच उभे आहे.

असे यंत्र मिनिटाला ४० धावा करू लागले, तर घर्षण वगैरे न धरता त्याची शक्ती सुमारे २६ वॉट भरते. ९ वॉटचे तीन दिवेदेखील त्यावर पूर्ण तेजाने लागणार नाहीत.

रचना व कार्य

यंत्राचे मुख्य भाग पाच: उंचावरून येणारा नळ, नळकांडे, दट्ट्या, झडपा आणि भुजेसह जड चाक. प्रथम प्रवेशाची झडप उघडते, निर्गमाची झडप बंद असते. दाबाखालील पाणी आत येऊन दट्ट्यास ढकलते. धाव पूर्ण होताच प्रवेश बंद होतो, निर्गम उघडतो आणि चाकाच्या वेगाने किंवा उलट बाजूच्या पाण्याने दट्ट्या मागे येतो. वापरलेले पाणी खालच्या पातळीवर बाहेर पडते. सरळ रेषेतील ये-जा दांड्याच्या व भुजेच्या योगे वर्तुळाकार गतीत बदलते. धावेच्या दोन्ही टोकांस दट्ट्या क्षणभर थबकतो. तो क्षण जड चाक आपल्या साठविलेल्या गतीने पार पाडते.

हातपंपाहून यात एक महत्त्वाचा भेद आहे. पंपाच्या झडपा पाण्याच्या ओढीने आपोआप उघडतात व मिटतात. इंजिनात मात्र झडप केव्हा उघडावी हे यंत्रानेच ठरवावे लागते. म्हणून हातपंपात वरून पाणी ओतल्याने त्याचे इंजिन होत नाही. झडपेचा दांडा चाकाशी जोडून योग्य क्षणी तिची हालचाल घडवून आणणे, हे या यंत्राच्या रचनेतील खरे कौशल्य होय.

दुसरी अडचण पाण्याच्या स्वभावातून येते. वाफ दाबली असता आकसते व सोडली असता पसरते. म्हणून वाफेच्या इंजिनात थोडीशी वाफ आत घेऊन उरलेली धाव तिच्या प्रसरणावर काढता येते. पाणी जवळजवळ आकसत नाही आणि पसरतही नाही. यामुळे काम हलके असो वा जड, प्रत्येक धावेत नळकांडे पूर्ण भरावेच लागते. शिवाय नळातून वेगाने येणारे पाणी झडप मिटताच एकाएकी अडते आणि हातोडा बसावा तसा धक्का नळाला बसतो. घरातील तोटी झटकन बंद केली असता नळ ‘धाड्’ असा आवाज करतो तो याच कारणाने. हा धक्का सोसण्यासाठी नळावर हवेची बंद कोठी बसवितात. पाणी आकसत नसले तरी कोठीतील हवा आकसते व धक्का झेलते. यंत्र सावकाश चालविणे, नळ रुंद ठेवणे आणि झडपा हळूहळू मिटतील अशा घडविणे हे अन्य उपाय होत.

इतिहासातील स्थान

१७४९ मध्ये आजच्या स्लोव्हाकियातील श्टियाव्निका येथील खाणीत योसेफ कार्ल हेल याने डोंगरावरील पाण्याच्या दाबाने चालणारे दट्ट्याचे यंत्र उभारले. खाणीत साचणारे पाणी उपसणे हा त्याचा हेतू होता. बव्हेरियात गेऑर्ग रायखेनबाख याने १८१७ मध्ये अशाच यंत्रांनी मिठाचे पाणी साडेतीनशे मीटरांहून अधिक उंच चढवून डोंगरापलीकडे नेले. इंग्लंडात विल्यम आर्मस्ट्राँग याने १८४६ मध्ये न्यूकॅसल येथे जलदाबावर चालणारी यारी उभी केली. पुढे लंडन शहरात रस्त्याखालून दाबाच्या पाण्याचे नळ टाकून कारखान्यांना व पाळण्यांना शक्ती पुरविणारी कंपनी निघाली. तिचे काम १९७७ पर्यंत चालू होते. मुंबईत १८८० मध्ये खुल्या झालेल्या प्रिन्सेस डॉकवरही जलदाबाच्या याऱ्यांनी माल चढे-उतरे.

मराठवाड्यात पाण्याच्या शक्तीचे जुने उदाहरण म्हणजे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील पाणचक्की. भूमिगत नळाने दुरून आणलेले पाणी उंचावरून चाकावर पडे आणि जाते फिरे. तेथे दट्ट्या नाही, चाक आहे. पुढील काळात विजयही चाकाचाच झाला. जलदगतीने फिरणारी टर्बाइने निघाली, विजेचे जनित्र त्यांना थेट जोडता येऊ लागले आणि दट्ट्याचे सावकाश चालणारे इंजिन मागे पडले. पूर्णा नदीवरील येलदरी धरणाच्या पायथ्याशी २२.५ मेगावॉट क्षमतेचे वीजगृह आहे. तेथे टर्बाइन फिरविलेले पाणी पुढे सिद्धेश्वर धरणात जाते व कालव्याने वसमत-नांदेडकडील शेतीस मिळते. यंत्र पाणी खात नाही, फक्त त्याची उंची घेते, याचे याहून उत्तम उदाहरण सापडणे कठीण.

शाळेतील नमुना

हा विषय फळ्यावर संपविण्याजोगा नाही. ५० मिलिलिटरची नवी, सुईविरहित औषधी पिचकारी, पारदर्शक नळी, ठिबक सिंचनातील एक ‘टी’ जोड, दोन चिमटे आणि एक बादली एवढ्या साहित्यात नमुना तयार होतो. पिचकारी तोंड खाली करून लाकडी चौकटीत उभी बांधावी. बादली तिच्यापासून २ मीटर उंच ठेवावी. जोडाच्या एका तोंडाला बादलीची नळी, दुसऱ्याला पिचकारी व तिसऱ्याला निर्गमाची नळी लावावी. दोन्ही नळ्यांना एकेक चिमटा लावून दोन विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा. दट्ट्याच्या माथ्यावर अर्धा किलोग्रॅम वजनाचा दगड बसवावा.

एकाने प्रवेशाचा चिमटा सोडताच दगड वर चढू लागतो. तो मिटून दुसऱ्याने आपला चिमटा सोडला, की दगड खाली येतो व पाणी बाहेर पडते. दोघांच्या वेळा चुकल्या तर पाणी सरळ वाहून जाते आणि दगड जागचा हलत नाही. झडपांचे महत्त्व मुलांना तेथेच उमगते. वरच्या वर्गातील मुलांनी पुढे सायकलचे जुने चाक व भुजा जोडून पाहावी. लहान पिचकारी घेऊ नये. दट्ट्यावरील भार क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो, रबराचे घर्षण मात्र परिघाच्या प्रमाणात. म्हणून लहान पिचकारीत घर्षणच वरचढ ठरते. रबराला तेलाचा एक थेंब लावावा.

यानंतर मोजमाप करावे. ४० मिलिलिटर पाणी २ मीटर उतरले, म्हणजे ०.०८ किलोग्रॅम-मीटर. अर्धा किलोग्रॅमचा दगड सुमारे ६ सेंटिमीटर चढला, म्हणजे ०.०३ किलोग्रॅम-मीटर. आठ आणे दिले आणि तीन आण्यांचा माल हाती आला. पाच आणे कोठे गेले, असे मुलांना विचारावे. मग दगडाचे वजन हळूहळू वाढवून पाहावे. परतावा वाढत जातो, परंतु आठ आण्यांचे नऊ आणे कधीही होत नाहीत. निर्गमाचे पाणी भांड्यात धरून पुन्हा बादलीत ओतावे आणि तास संपल्यावर झाडांना घालावे.

मुलांचे दोन प्रश्न

हा प्रयोग पाहून एखादा चुणचुणीत मुलगा हटकून विचारील: खाली आलेले पाणी याच इंजिनाने पुन्हा वर चढविले तर? त्या मुलाची चेष्टा करू नये. त्यालाच दगडाचा हिशेब पुन्हा करावयास लावावा. आठ आण्यांतून तीन, चार किंवा सहा आणेच परत येतात. त्यांत आठ आण्यांचे पाणी वर कसे जाणार? बादलीत पाणी ओतणारा हात प्रत्येक वेळी कोणाचा तरी असतोच. नदीच्या बाबतीत तो हात सूर्याचा होय. तो समुद्राचे पाणी उचलतो, मेघ ते डोंगरावर सोडतात.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. पेट्रोलऐवजी पाणी घालून गाडी चालते, असे दावे अधूनमधून कानी येतात. पाणी हे इंधन नव्हे. हायड्रोजन जळून जे उरते तेच पाणी. ते राखेप्रमाणे आधीच जळून गेलेले असते. त्यातून हायड्रोजन पुन्हा वेगळा काढण्यास, तो जळताना मिळेल त्याहून कमी शक्ती कधीच लागत नाही. शेतकऱ्याच्या घरातील कष्टाचे पैसे अशा एखाद्या अद्भुत यंत्रात बुडू नयेत, यासाठी चौथी-पाचवीतल्या मुलाला केलेला दगडाचा हिशेब पुढे उपयोगी पडेल.

आणखी एक हिशेब लातूरच्या मुलांकडून अवश्य करवून घ्यावा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या १० टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. ते सारे पाणी १२ मीटर उंचीच्या जलकुंभातून खाली उतरवून इंजिन चालविले, तर किती शक्ती मिळेल? ५ लाख गुणिले १२, म्हणजे ६० लाख किलोग्रॅम-मीटर. आकडा मोठा वाटतो. परंतु विजेच्या भाषेत तो सुमारे १६ युनिट भरतो. साधारण पाच लिटर डिझेल चांगल्या इंजिनात जाळून तेवढेच काम निघते.

ज्या पाण्यासाठी शहराने डोळ्यांत प्राण आणून रुळांकडे पाहिले, त्याची शक्ती म्हणून किंमत पाच लिटर डिझेलाएवढी! पाण्याचे मोल त्याच्या शक्तीत नसून तहान भागविण्यात व पीक जगविण्यात आहे, हे उपदेशाने जितके पटणार नाही तितके या एका गुणाकाराने पटेल. जेथे उंच धरण आहे व पाणी खाली सोडावयाचेच आहे, तेथे त्याची उतरण वाया दवडू नये. जेथे पाणीच दुर्मीळ आहे, तेथे त्याच्याकडून यंत्राच्या कामाची अपेक्षा धरू नये. हा विवेक हेच या पाठाचे फळ होय.

नमुना एकाच तासात नीट चालेल असे नाही. जोड गळेल, रबर अडेल, दगड कलंडेल. त्या गळतीचे कारण मुलांनीच शोधावे व शिक्षकांनी तितका धीर धरावा. पुढच्या मधल्या सुट्टीत हातपंपाचा दांडा दाबताना एखाद्या मुलाच्या मनात आपण किती पाणी किती उंच चढविले असा विचार आला, तर विज्ञानाचा तास सार्थकी लागला असे समजावे.