दुष्काळातील दोन कवी

माणहून देहू फार दूर नाही. १६३०-३१च्या भीषण दुष्काळात तेथील तुकोबांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे काय झाले ते पाहा. त्यांनी पडके विठ्ठलमंदिर उभे केले. आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. काव्य मागाहून आले. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपण मात्र अभंग पाठ करतो, खते विसरतो!

त्याच शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' रचला. त्यातील लढाई स्वतःच्या अहंकाराशी आहे. वाचकहो, आपल्या शाळेत हे दोघे एकाच तासाला शिकवता येतील काय? शिक्षकांनी याचा अवश्य विचार करावा.