पक्षीखाऊ कोळ्याचें घराणें

सन १६९९ मध्यें मारिया सिबिला मेरियन नांवाची बावन्न वर्षांची एक चित्रकर्ती आपल्या धाकट्या मुलीसह अ‍ॅमस्टरडॅमहून निघून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील सुरीनाम ह्या डच वसाहतींत गेली. किड्यांचीं रूपांतरें प्रत्यक्ष पाहून रंगवावीं, हा तिचा हेतु. आजारपणामुळें १७०१ सालीं तिला परतावें लागलें. परंतु १७०५ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथांत पेरूच्या झाडावर एक थोरला केसाळ कोळी चिमुकल्या हमिंगबर्डला खात असल्याचें चित्र होतें. पुढें कित्येक पंडितांनीं तें ऐकीव म्हणून उडवून लावलें. अखेर हेन्री बेट्स ह्यानें अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यांत अशाच एका कोळ्याच्या तावडींत दोन लहान पक्षी पाहिल्याचें १८६३ सालीं लिहिलें, तेव्हां कुठें बाईंच्या शब्दाला मान मिळाला. वास्तविक ह्या कोळ्याचें रोजचें अन्न किडेच, पक्षी क्वचित्.

लिनीअसनें १७५८ सालीं ह्या कोळ्याच्या नांवांत पक्षी आणला, आणि १८१८ सालीं लामार्कनें ‘अ‍ॅव्हिक्युलारिया’ हें नांव सबंध प्रजातीला, म्हणजे निकटच्या जातींच्या घराण्याला दिलें. हे कोळी झाडावरचे रहिवासी. ढोलींत, पानांच्या बेचक्यांत रेशमी नळी विणून ते राहतात. पायांचीं टोकें बहुधा गुलाबी.

पुढें मात्र मोठा घोटाळा झाला. नव्या जगांत झाडावर केसाळ कोळी दिसला, कीं त्याची भरती ह्याच घराण्यांत! पिलाचा रंग एक, प्रौढाचा दुसरा. जुने नमुने रंग उडालेले, कांहीं तर गहाळच. परिणामीं जातींची संख्या पन्नासाच्या घरांत गेली, आणि नकाशावर हें घराणें बोलिव्हियापासून कॅरिबियन बेटांपर्यंत अखंड पसरलेलें दिसूं लागलें.

२०१७ सालीं ब्राझीलच्या कॅरोलिन फुकुशिमा व रोजेरिओ बेर्तानी ह्यांनीं हे सारे नमुने तपासून निवडानिवड केली. मूळ घराण्यांत बाराच जाति उरल्या. त्यांपैकीं तीन अगदीं नव्या होत्या. पेरू देशांतील एकीला मेरियनबाईंचें नांव मिळालें. हें खरें घराणें मुख्यतः अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यांतलें व त्याच्या आसपासचें. बाकीच्यांपैकीं कांहींजण निराळ्याच घराण्यांचे ठरले. ‘कॅरिबेना’च्या दोन जातींपैकीं एक मार्टिनिक बेटावर, दुसरी पोर्टो रिको व त्याच्या शेजारच्या व्हर्जिन बेटांवर. ‘अँटिलेना’ची एकुलती एक जाति डोमिनिकन प्रजासत्ताकांत. ‘इबिरापोरा’ (तुपी भाषेंत ‘झाडावर राहणारा’) ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या अरण्यांत. त्याच्या व अ‍ॅमेझॉनच्या दरम्यान कोरडा, विरळ झाडीचा विस्तीर्ण मुलूख पसरलेला आहे.

हा केवळ नांवांचा खेळ नव्हे. जी जाति एका भूमीबाहेर कोठेंच आढळत नाहीं, तिला प्रदेशनिष्ठ म्हणतात. मार्टिनिकचें क्षेत्रफळ सुमारें ११०० चौरस किलोमीटर. तेथल्या कोळ्याचें पिलूं चकचकीत निळें असतें, आणि प्रौढाच्या अंगावर हिरवा व तांबूस रंग चढतो. ह्या रूपामुळेंच जगभरचे शौकीन त्याला काचेच्या पेट्यांत पाळतात. पण रानांतलें त्याचें घर तेवढें एकच बेट. अखंड पसरलेल्या घराण्याचा तो एक सदस्य समजला जात होता, तोंवर त्या बेटावरची झाडी तुटली तरी घराण्याच्या दृष्टीनें तें एका कोपऱ्याचें नुकसान वाटलें असतें. आतां तसें म्हणतां येत नाहीं.

इबिरापोराची गोष्ट अधिक बिकट. पोर्तुगीज १५०० सालीं ज्या किनाऱ्याला लागले, तेथलेंच हें अरण्य. ऊंस, कॉफी आणि रिओ व साओ पाउलोसारखीं शहरें ह्यांनीं तें कापून काढलें. आज त्याचे सुटे तुकडे उरले आहेत. ह्या घराण्याच्या तीन जाति. त्यांपैकीं दोहोंना नांव मिळालें तें २००९ सालीं, अरण्याचा बहुतेक भाग नाहींसा झाल्यावर.